हरिकेन इंजिन जीपमध्ये चढवण्यापूर्वीची कॉम्प्रेशन चाचणी : प्रकल्प नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

जुन्या उंच बॉनेटच्या महिंद्रा सीजे-३बी जीपचे मूळ पेट्रोल इंजिन आता पूर्ण बांधून झाले आहे. कोल्हापूर परिसरातल्या अशा बहुतेक जीपगाड्यांमधली पेट्रोल इंजिने केव्हाच काढली गेली आणि त्या जागी डिझेल इंजिने आली. या गाडीचे मूळ इंजिन मात्र गोडाऊनच्या कोपऱ्यात टिकून राहिले आणि म्हणूनच हा प्रकल्प शक्य झाला. विलिस कंपनीने १९५० मध्ये आणलेले हे चार सिलिंडरांचे २१९९ सीसीचे हरिकेन इंजिन. त्याची रचना एफ-हेड पद्धतीची आहे, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी तोंड वर करून बसतात. या मांडणीमुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते बसावे म्हणून जीपचे बॉनेटही उंच करावे लागले.

ब्लॉकची चारही बोअर (सिलिंडरची भोके) ३० थाऊ, म्हणजे इंचाचे ३० हजारांश, मोठी केली आहेत आणि त्यांत नवीन पिस्टन व रिंगा बसवल्या आहेत. क्रँकशाफ्ट ग्राइंड झाला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची नवीन गाइड (दांडा सरकतो ती नळी) आणि सीट (व्हॉल्व्ह मिटून टेकतो ती कड) कटिंग हे काम बाहेरच्या वर्कशॉपमधून करून आणले. हेडला फक्त घासून साफ केले. फेसिंगची गरज भासली नाही.

इंजिन गाडीत उतरवण्याआधी टेबलावरच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते तपासायचे असे ठरवले, तेव्हा आमच्या मिस्त्रींना ते फारसे पटले नाही. ‘‘टेबलावर कशाला फिरवत बसायचं, गाडीत टाकूया की, चालू झालं की कळतंय सगळं,’’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु गाडीत चढवल्यावर दोष कळला तर रेडिएटर, एक्झॉस्ट पाइप, वायरिंग आणि गिअरबॉक्सची जोडणी हे सगळे पुन्हा सोडवावे लागते. शिवाय या इंजिनाचे एक्झॉस्ट टॅपेट (व्हॉल्व्हचा दांडा उचलणारे भाग) ब्लॉकच्या कुशीत, बाजूच्या झाकणामागे असल्यामुळे गाडीत ते नीट दिसतही नाहीत.

इंजिन स्टँडला ब्लॉकच्या मागच्या तोंडावर अडकवलेले होते आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) बसवायचा तर त्याच जागी बेल हाउसिंग (फ्लायव्हीलभोवतीचे कवच) हवे. म्हणून अँगलचा एक पाळणा वेल्ड करून घेतला. त्यात पुढच्या प्लेटच्या दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि मागे बेल हाउसिंग, अशा तीन ठिकाणी इंजिन टेकते. सेल्फ मारताच इंजिन आडवे झटके देते, त्यामुळे पाळण्याचे पाय सिमेंटच्या जमिनीत बोल्टने पक्के केले.

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज चाचणी केली नाही. गेजवर आकडा किती यायला हवा, याचा हिशेब आधी मांडून ठेवला, कारण आकडा पाहिल्यानंतर केलेला हिशेब नेहमी त्या आकड्याच्या बाजूने झुकतो.

या इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा जितक्या पटीने दाबली जाते तो आकडा, ६.९ आहे. प्रत्येक सिलिंडरचे मूळ आकारमान सुमारे ५५० सीसी, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी जागा सुमारे ९३ सीसी भरते. बोअर ३० थाऊ वाढल्याने सिलिंडरचे आकारमान ५६० सीसीपर्यंत जाते आणि रेशो ७ च्या आसपास येतो. हवा ६.९ पटीने दाबली आणि ती अजिबात तापली नाही असे धरले, तर समुद्रसपाटीला गेजवर सुमारे ८७ पौंड (दर चौरस इंचावर) दिसतील. उलट दाबताना तयार झालेली सगळी उष्णता आतच राहिली असे धरले, तर आकडा २०० च्या वर जाईल. खरे इंजिन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. त्यातही इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन खालच्या टोकाला पोचताच मिटत नाही, तर त्यानंतर क्रँक ५० अंश फिरल्यावर मिटतो. सेल्फच्या मंद वेगावर त्या काळात सुमारे सातव्या भागाइतकी हवा आल्या वाटेने परत जाते. हे सगळे पाहता मॅन्युअलने मिनिटाला १८५ फेऱ्यांच्या वेगाला दिलेला १२० ते १३० पौंडांचा आकडा पटण्यासारखा आहे. सिलिंडरांमधला फरक १० पौंडांपेक्षा जास्त नसावा, हीसुद्धा त्याच मॅन्युअलची अट आहे, आणि माझ्या मते दोन्हींपैकी हीच अट जास्त कामाची आहे.

हा आकडा जसाच्या तसा कोल्हापूरला लागू करता येत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इतक्या उंचीवर हवेचा दाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच तितकी विरळ असल्याने गेजवरचा आकडाही त्याच प्रमाणात उतरतो. म्हणजे इथली अपेक्षा ११२ ते १२१ पौंडांची धरावी लागेल. मुंबईच्या गॅरेजमध्ये १२५ दाखवणारे इंजिन इथे ११७ दाखवेल आणि त्यात इंजिनाचा काहीही दोष नसेल.

गेजचीही तपासणी केली. चांगल्या गेजमध्ये हवा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असतो. तो गेजच्या बाजूला असेल तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात मिळते. नळीत १० सीसी जागा असली तरी आपल्या इंजिनाचा रेशो अर्ध्या अंकाहून जास्त खाली येतो आणि आकडा सुमारे दहा टक्क्यांनी कमी दिसतो. दुसरी गोष्ट अशी की या जागी टायरचा साधा व्हॉल्व्ह-पिन बसवलेले गेज बाजारात आणि गॅरेजमध्ये सर्रास दिसतात. टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते, गेजसाठी बनवलेल्या पिनची मऊ असते. कडक स्प्रिंगमुळे प्रत्येक आकडा खोटा कमी येतो. आमच्या गेजमधला पिन मूळचाच आहे. तरीही ओळखीच्या वर्कशॉपमधल्या दुसऱ्या गेजशी कंप्रेसरच्या हवेवर ताडून पाहिला. शंभर पौंडांच्या आसपास दोन्हींत जेमतेम एका पौंडाचा फरक आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

पहिली चाचणी. प्रथम ऑइल गॅलरीच्या प्लगमधून दाबाने तेल भरून बेअरिंगपर्यंत पोचवले, कारण बांधल्यानंतर प्रथमच फिरणाऱ्या क्रँकला कोरडे फिरवणे योग्य नाही. त्यानंतर चारही प्लग काढले. कार्ब्युरेटर बसवलेलाच नाही. या इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असल्याने वरचे तोंड उघडे राहते आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. त्या तोंडावर बारीक तारेची जाळी बांधली, नाहीतर एखादा वॉशर आत गेल्यास सगळेच काम पुन्हा काढावे लागेल. कार्ब्युरेटर नसण्याचा आणखी एक फायदा झाला. हेडचा एक बोल्ट नेमका कार्ब्युरेटरखाली, त्याच तोंडाच्या आत लपलेला असतो आणि घाईत तो कसायचा राहून जातो. तो आज समोरच दिसत होता; त्यालाही बाकीच्या बोल्टांप्रमाणे ६५ फूट-पौंडांचा टॉर्क दिला आहे याची खात्री करून घेतली.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. फ्लायव्हीलवर चकचकीत पट्टी चिकटवून टॅकोमीटरने वेग मोजला. प्लग काढलेल्या अवस्थेत सेल्फ इंजिनाला १९० ते १९५ फेऱ्यांनी फिरवत होता. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब साडेदहा व्होल्टच्या खाली गेला नाही. सहा दाबांनंतर गेजवर आलेले आकडे असे :

१ नंबर १२४, २ नंबर १२२, ३ नंबर ९७, ४ नंबर १२०.

मिस्त्रींनी १२४ पाहून मान डोलावली, परंतु हे आकडे अजून खरे नाहीत. बांधताना बोअरला आणि रिंगांना भरपूर तेल लावलेले असते आणि ते तेल फटी भरून काढते. अशा इंजिनाची पहिली चाचणी नकळत ‘ओली’, म्हणजे बोअरमध्ये तेल असताना घेतलेली, ठरते. समुद्रसपाटीच्या मापाने इंजिन अगदी उत्तम दिसावे असे हे आकडे कोल्हापूरच्या हवेत आणि न घासलेल्या नव्या रिंगांवर यावेत, हेच मुळात संशयास्पद आहे. ३ नंबरचा पंचवीसेक पौंडांचा खड्डा मात्र तेलाने भरून निघालेला नाही, ही आजची खरी नोंद.

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

काल चाचणीनंतर प्लगच्या भोकांवर फडके धरून थोड्या थोड्या वेळाने सेल्फ मारत राहिलो, म्हणजे बोअरमधले जादा तेल बाहेर पडले. रात्रभर इंजिन तसेच ठेवले. आज सकाळी पुन्हा मोजले आणि या वेळी पहिल्या दाबाचा आकडाही वेगळा लिहून घेतला.

१ नंबर : पहिल्या दाबाला ६८, शेवटी १११.
२ नंबर : पहिल्या दाबाला ६७, शेवटी १०९.
३ नंबर : पहिल्या दाबाला ४३, शेवटी ८४.
४ नंबर : पहिल्या दाबाला ६५, शेवटी १०८.

पहिला आकडा लिहायची सवय आपल्याकडच्या गॅरेजमध्ये कमी आहे, तरी तो बरेच काही सांगतो. रिंगा गळत असतील तर काटा सुरुवातीला खाली असतो आणि प्रत्येक दाबासरशी पायरी पायरीने चढत बऱ्यापैकी वर येतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा सुरुवातीलाही खाली असतो आणि पुढेही मागेच राहतो. ३ नंबरचा काटा दुसऱ्या प्रकारचा आहे.

त्यानंतर ओली चाचणी केली. प्रत्येक सिलिंडरमध्ये सिरिंजने मोजून ५ मिलीलीटर इंजिन तेल सोडले आणि क्रँक हाताने दोनदा फिरवून ते पसरू दिले. ‘चमचाभर तेल’ असे सगळे म्हणतात, परंतु तेल मोजूनच घालावे, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ते तेल स्वतः जागा व्यापते. ९३ सीसीच्या जागेत ५ सीसी तेल बसले तरी केवळ तेवढ्यानेच आकडा सहा-सात पौंडांनी वाढतो. त्यात रिंगांचा काहीच संबंध नसतो. दुसरे कारण या इंजिनापुरते आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये तोंड वर करून बसलेला असल्यामुळे उडालेले जादा तेल त्याच्या कडेवर साचते, आणि गळणारी सीट तात्पुरती बुजली की व्हॉल्व्हचा दोष रिंगांच्या माथी जातो. व्हॉल्व्ह हेडमध्ये उलटे लटकलेल्या इंजिनात ही शक्यता फार कमी असते.

ओल्या चाचणीचे आकडे १२३, १२१, ९५ आणि १२० आले. म्हणजे चारही सिलिंडर अकरा-बारा पौंडांनीच वाढले. ३ नंबरच्या रिंगा बाकीच्यांहून वाईट असत्या तर तो जास्त वर चढला असता. तसे झाले नाही. आधी १ आणि ३ मध्ये २७ पौंडांचा फरक होता, आता २८ आहे. रिंगांचा प्रश्न इथे मिटला असे मी धरतो. त्यातही नव्या रिंगांना सवलत द्यावी लागते, कारण होनिंगच्या रेषांवर घासून त्या बोअरशी पूर्ण जुळायला काहीशे किलोमीटरचे रनिंग लागते. व्हॉल्व्हला अशी सवलत नाही. तो पहिल्या दिवशी घट्ट बसत नसेल तर पुढे बसण्याऐवजी जळतो.

बाजूचे झाकण काढून ३ नंबरच्या एक्झॉस्टचे टॅपेट फीलर गेजने पाहिले. थंड इंजिनावर १६ थाऊ हवेत, तेवढे आहेत. इनलेटचे १८ थाऊही बरोबर आहेत. व्हॉल्व्ह टॅपेटवर अडकून उघडा राहतो आहे, असे म्हणायला आता जागा राहिली नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या मतदानाची सुटी. सकाळी मतदान करून आम्ही दोघेही शेडवर आलो आणि दिवसभर लीक-डाउन चाचणीवरच घालवला.

कॉम्प्रेशनची चाचणी दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते सांगते. हवा नेमकी कोणत्या वाटेने पळते हे सांगत नाही. त्यासाठी सिलिंडर दाबाच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचे. मधल्या बारीक छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन गेज असतात. आत किती दाब दिला आणि सिलिंडरने त्यातला किती धरला हे त्यावर दिसते. विमानांच्या पिस्टन इंजिनांसाठी ही पद्धत फार जुनी आहे. तिथे ८० पौंड दाब आणि पाच इंचांहून लहान बोअरसाठी ०.०४० इंचाचे छिद्र असा नियम आहे. आम्ही तेच माप घेतले, कारण त्यामुळे आकड्यांना काही एक अर्थ राहतो.

ही चाचणी करणाऱ्याने एक काळजी घ्यायलाच हवी. ८० पौंड ऐकायला कमी वाटतात, पण आपल्या पिस्टनच्या माथ्यावर त्यांचा एकूण जोर पावणेतीनशे किलोहून थोडा अधिक होतो. पिस्टन अगदी टोकाला असेल तर हा जोर सरळ क्रँकवर बसतो आणि काही हलत नाही. पिस्टन जरा जरी पुढे सरकलेला असेल तर क्रँक एकदम फिरतो आणि त्यावर लावलेला पाना हातातून उडतो. म्हणून फ्लायव्हीलचे दात लोखंडी पट्टीने अडकवले, क्रँकवर कोणताही पाना ठेवला नाही आणि हवा हळूहळू वाढवली.

१, २ आणि ४ नंबरमधून अनुक्रमे १२, १३ आणि १४ टक्के हवा पळत होती आणि ती सगळी तेल भरायच्या नळीतून, म्हणजे रिंगांवरून खाली जात होती. नव्या रिंगांसाठी हे ठीक आहे. ३ नंबरमधून ३८ टक्के हवा पळत होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढवलेला होता. त्याच्या तोंडाशी उदबत्ती धरताच धूर सरळ बाहेर फेकला गेला. मात्र २ नंबरच्या प्लगच्या भोकातूनही हलकासा फुसफुसाट ऐकू आला आणि मिस्त्री लगेच म्हणाले, ‘‘दोन आणि तीनच्या मधलं गॅस्केट गेलंय बघा.’’

शेजारच्या प्लगमधून हवा आली की गॅस्केट गेले, हे समीकरण बहुतेक वेळा बरोबर असते आणि त्यांच्या अनुभवातून ते आलेले आहे. इथे मात्र दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जात होत्या. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे फुटले असते तर दोघांचेही कॉम्प्रेशन पडायला हवे होते, आणि २ नंबर तर १०९ वर उभा आहे. दुसरी गोष्ट फायरिंग ऑर्डरची, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाची. १-३-४-२ या क्रमात २ आणि ३ हे जोडीदार आहेत; दोघांचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. ३ नंबर दाबाच्या टोकाला असतो त्या क्षणी २ नंबर एक्झॉस्ट संपवून इनलेट सुरू करण्याच्या बेतात असतो. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह टोकाच्या ९ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट टोकानंतर १२ अंशांनी मिटतो, त्यामुळे अगदी टोकाला २ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. ३ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सुटलेली हवा मॅनिफोल्डमध्ये येते आणि तिथून २ नंबरच्या उघड्या एक्झॉस्टमधून आत शिरून त्याच्या प्लगच्या भोकातून बाहेर पडू शकते. गॅस्केट शाबूत असतानाही फुसफुसाट तसाच येईल.

यातले खरे काय ते ठरवणे अवघड नव्हते. मॅनिफोल्डच्या तोंडावर तळहात दाबला, तर २ नंबरच्या भोकातला आवाज वाढला. नंतर बाजूच्या झाकणातून २ नंबरचे एक्झॉस्ट टॅपेट पूर्ण सैल केले, जेणेकरून तो व्हॉल्व्ह सीटवर मिटून बसेल, आणि हवा पुन्हा सोडली. २ नंबरच्या भोकातला आवाज थांबला; मॅनिफोल्डच्या तोंडातला तसाच चालू राहिला. खात्रीसाठी ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत वरपर्यंत पाणी भरून पाहिले, बुडबुडा आला नाही. मिस्त्रींनी तळहात ठेवून आवाज स्वतः दोनदा ऐकला आणि गॅस्केटचा विषय सोडून दिला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

संध्याकाळी थोडाच वेळ मिळाला. दोष व्हॉल्व्हमध्ये की सीटमध्ये, हे हेड न काढता कळते का ते पाहिले. स्प्रिंग कॉम्प्रेसरने ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून पाव फेरा फिरवला, सोडला, आणि पुन्हा हवा दिली. असे चारही बाजूंना केले. व्हॉल्व्हचा दांडा वाकडा असता किंवा त्याची कड कुठे चेपलेली असती, तर फिरवल्यावर गळतीचा आकडा बदलला असता. तो ३६ ते ३९ टक्क्यांच्या बाहेर गेला नाही. म्हणजे दोष व्हॉल्व्हबरोबर फिरत नाही, तो ब्लॉकमध्येच आहे. हेड काढावे लागणार.

शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

हेड काढले. बोल्ट कसताना मधून बाहेर जाण्याचा क्रम असतो, सोडताना त्याच्या उलट, बाहेरून मधे आलो. गॅस्केट कुठेही कापलेले नाही, परंतु एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा वापरायचे नाही, त्यामुळे नवीन आणावे लागेल.

३ नंबरच्या सीटवर निळ्या रंगाचा पातळ थर देऊन व्हॉल्व्ह हलकेच टेकवला. रंगाचा पट्टा तीन बाजूंना सलग उमटला आणि चौथ्या बाजूला तुटला. नंतर गाइडमध्ये पायलट (त्यात घट्ट बसणारा सरळ दांडा) घालून त्यावर डायल गेज फिरवला, तेव्हा सीट गाइडच्या केंद्रापासून ६ थाऊ बाहेर धावते असे दिसले. बाकीच्या तिन्ही सीट दीड थाऊच्या आत आहेत. नवीन गाइड बसवल्यावर त्याच्याच आधाराने सीट कापायची असते. पायलट झिजलेला किंवा गाइडमध्ये सैल असेल तर कटर तिरका धावतो आणि वरून पाहता सीट चकचकीत, निर्दोष दिसते. काम करून देणाऱ्या वर्कशॉपला हे दाखवले, त्यांनी खळखळ न करता दुरुस्ती मान्य केली. ब्लॉक पुन्हा उचलून नेण्यापेक्षा त्यांचा कारागीर हँड कटर आणि नवीन पायलट घेऊन इथेच येणार आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

सीट ४५ अंशांच्या कटरने पुन्हा कापली. त्याआधी बोअरमध्ये ग्रीस लावलेले फडके कोंबले आणि टॅपेटच्या कप्प्यात कापड पसरले, कारण सीटचा कठीण भुसा रिंगांपर्यंत पोचला तर नवे बोअर काही तासांत ओरखडले जाईल. कापून झाल्यावर डायल गेज एका थाऊच्या आत राहिला. त्यानंतर बारीक पेस्टने व्हॉल्व्ह घासला, मात्र थोडाच. पेस्टने खूप वेळ घासून वाकडी सीट बसवायचा प्रयत्न अनेकजण करतात. त्याने सीट रुंद होते, तिचे केंद्र काही बदलत नाही.

ब्लॉकमधल्या व्हॉल्व्हची एक सोय म्हणजे बेसिनच्या बुचासारखी त्याची गळती वरून ओतून पाहता येते. व्हॉल्व्हच्या खळग्यात रॉकेल भरून चहा होईपर्यंत ठेवले. एक्झॉस्ट पोर्टमध्ये ओल उतरली नाही. हीच परीक्षा बाकीच्या तिघांचीही घेतली.

सीट कापली की व्हॉल्व्ह खाली बसतो आणि त्याचा दांडा टॅपेटच्या जवळ येतो. १६ थाऊची फट ९ वर आली होती, ती पुन्हा १६ केली. हे राहिले असते तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नसता आणि नवीन सीट काही दिवसांतच जळाली असती. ब्लॉकमधल्या एक्झॉस्टचे एक बरे असते, त्याची फट हेड कसण्यावर अवलंबून नसते. इनलेटचे तसे नाही. हेड कसल्यावर गॅस्केट जितके दबते तितका रॉकर आणि पुश रॉडमधला हिशेब बदलतो, म्हणून इनलेटचे टॅपेट शेवटच्या टॉर्कनंतरच लावायचे.

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

गुरुवारी नवीन गॅस्केटवर हेड बसवून तीन टप्प्यांत ६५ फूट-पौंडांपर्यंत कसले होते. आज टॉर्क पुन्हा तपासला, लपलेल्या बोल्टसह, आणि इनलेट १८ थाऊवर लावले. बॅटरी, वेग आणि उघडे इनलेट या तीनही बाबी १७ तारखेसारख्याच ठेवल्या, म्हणजे दोन्ही दिवसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतील. वेग १९२ फेरे.

१ नंबर : पहिल्या दाबाला ६९, शेवटी ११२.
२ नंबर : पहिल्या दाबाला ६७, शेवटी ११०.
३ नंबर : पहिल्या दाबाला ६६, शेवटी १०८.
४ नंबर : पहिल्या दाबाला ६६, शेवटी १०९.

लीक-डाउनमध्ये ३ नंबर १४ टक्क्यांवर आला आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. सिलिंडरांमधला सर्वांत मोठा फरक ४ पौंडांचा आहे. कोल्हापूरच्या हिशेबाने ११२ ते १२१ हवे होते. तीन सिलिंडर त्याच्या जरा खाली आहेत. ही तूट रिंगांची आहे आणि ती चौघांतही जवळपास सारखीच आहे, त्यामुळे तिच्यासाठी इंजिन पुन्हा खोलण्याचे कारण नाही. चारही सिलिंडर सारखेच ८०-८५ वर अडकले असते तर मात्र मी रिंगांना सोडून टायमिंग गिअरचे दात आधी मोजले असते, कारण कॅमशाफ्ट एक दात मागे बसला की इनलेट आणखी उशिरा मिटतो आणि चौघांचेही कॉम्प्रेशन एकदम उतरते.

रविवार, १ डिसेंबर २०२४

प्लगच्या भोकांत जुने प्लग हाताने लावले, प्रत्येक बोअरमध्ये थोडे तेल सोडून क्रँक फिरवला, इनलेटची जाळी काढून त्या तोंडावर पत्र्याचे झाकण बोल्टने बसवले. सेल्फ आणि बेल हाउसिंग इंजिनावरच राहू दिले; गिअरबॉक्स गाडीतच आहे, तेव्हा क्लच प्लेटचे केंद्र जुळवून इंजिन पुढून आत सरकवायचे आहे. चेनपुली शेजारच्या गॅरेजमधून बुधवारी मिळेल.

३० तारखेचे आकडे, वेग, बॅटरीचा दाब आणि ‘थंड इंजिन, कार्ब्युरेटरशिवाय’ एवढा मजकूर पत्र्याच्या पट्टीवर पंच करून ती डायनॅमोच्या ब्रॅकेटला लावली. गाडी चालू झाल्यावर गरम इंजिनावर पुढची चाचणी घ्यायची आहे. तिचे आकडे या आकड्यांशी थेट ताडायचे नाहीत, ते वेगळ्या ओळीत लिहायचे. त्याच वेळी हेडचे बोल्ट पुन्हा कसून इनलेटचे टॅपेट नव्याने लावावे लागतील, आणि त्यासाठी कार्ब्युरेटर उतरवावा लागेल, हे मिस्त्रींनी स्वतःच्या वहीतही लिहून घेतले आहे.